झाकणाखाली राहिलेला दाखला

"ताई, तू राखीव जागेवरची का गं?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या डोक्यावर कोपर टेकवून विचारला गेला. विचारणारी होती आमच्या दुकानदाराची मुलगी, पिपाणी. पण प्रश्न काही तिचा नव्हता. दुकानाच्या दारात तिच्या वर्गातल्या दोघी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. त्यांनीच तिला डिवचलं होतं. "एवढी शूर झालीस ना? मग विचारून दाखव. नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई!" पिपाणी आणि भित्री? छे! तिने विचारलं. चांगलं खणखणीत आवाजात, तीन दुकानं ऐकतील असं.

थांबा. आधी मी कोण ते सांगते. मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर एक चिंचोळं दुकान आहे, त्यात शिरल्यावर डाव्या हाताला मीच दिसते. दुसरं काही दिसायला तिथे जागाच नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत मी मोठी झाले. आधी नुसता सांगाडा, मग चाकं, मग पोटातला ड्रम, मग काच आणि सगळ्यात शेवटी काचेवरचं झाकण. पहिली सात वर्षं मी एका कचेरीत काढली. तिथे माझ्याशी कुणी बोलत नसे. मग कचेरीने नवी मशीन आणली आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथून मला आमच्या मालकांनी उचललं. टेम्पोतून उतरवल्यावर त्यांनी आपल्या खिशातल्या रुमालाने माझी काच पुसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपलंही कुणी आहे.

पिपाणी तेव्हा एवढीशी होती. मी चालते का हे बघायला तिने माझ्या काचेवर स्वतःचा पंजा ठेवला. ती पहिली प्रत अजून भिंतीवर चिकटवलेली आहे, पाच बोटं आणि एका बोटाला चिकटपट्टी. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिची नक्कल आणि तुमचं मूळ शेजारी ठेवा आणि ओळखून दाखवा!" मी नुसती फुलून जायचे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. मुलं आता कागदाचा फोटो काढतात आणि चालू पडतात. माझ्या ड्रमवर ओरखडा पडला आणि तेव्हापासून प्रत्येक प्रतीच्या डाव्या कडेला एक काळी रेघ उमटते. मालक म्हणतात, "म्हातारीला मिशी फुटली." पिपाणीची आई कोपऱ्यात बसून बाइंडिंग करते, ती म्हणते, "राहू द्या हो, मिशीला काय लोक पैसे कमी देतात?" दोघं हसतात. मी कुरकुरते. कुरकुर मात्र खरी आहे, माझ्या रुळांना तेल लागून वर्ष झालं.

प्रवेशाचे दिवस आले की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते. आणि यंदा तर विद्यापीठात आग लागल्यासारखं वातावरण होतं. प्रश्न राखीव जागांचा. ज्यांच्या आज्या-पणज्यांना त्या फाटकातून आत पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्या मुलांसाठी विद्यापीठाने काही जागा बाजूला ठेवल्या आहेत. तसा दाखला ज्याच्याकडे असेल त्याला त्या जागेवर अर्ज करता येतो. या जागा राहाव्यात की जाव्यात, यावर मुलांचे दोन तट पडले होते. गंमत अशी की दोन्ही तटांची पत्रकं मीच छापत होते. सकाळी 'जागा वाचवा', दुपारी 'जागा हटवा', आणि काळी रेघ दोघांनाही सारखीच.

दोन्ही पुढारी एकाच रांगेत उभे राहत. एक चष्मेवाला, एक वेणीवाली.

"आम्ही नव्वद गुण मिळवून बाहेर, आणि सत्तरवाले आत!" चष्मेवाला म्हणायचा.

"नव्वदाला शिकवण्या किती होत्या, तेही सांग की."

"दोन होत्या! म्हणून काय पेपर शिकवणीच्या सरांनी लिहिला?"

"आणि जिच्या घरात अभ्यासाला दिवा नाही, तिचे सत्तर तुझ्या नव्वदाहून कमी कसे रे?"

"माझी बहीण अर्ध्या गुणाने राहिली. वर्षभर घरात तोंड लपवून बसली. तिचं काय करू मी? तिला तुझं पत्रक वाचून दाखवू?"

मालक मध्ये पडले. "भांडण रस्त्यावर करा बाळांनो, इथे कागद उडतात." आणि ती दोघं गेल्यावर पिपाणीला म्हणाले, "दोन्ही आपलीच गिऱ्हाइकं. आपलं तोंड बंद आणि झाकण बंद."

पिपाणीचं तोंड बंद राहायला ती काय झाकण होती? यंदाच शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने पाचशे जणांसमोर भाषण केलं होतं आणि तेव्हापासून ती जमिनीवरून चालत नव्हती. तर अशा त्या पिपाणीने सोमवारी दुपारी तो प्रश्न विचारला.

ज्या मुलीला विचारला तिच्या खांद्याला निळी पिशवी होती. मूळ दाखला दाखवायचा तो शेवटचा दिवस. विद्यापीठाच्या तीन नंबरच्या खिडकीवर, पाच वाजेपर्यंत. तिने दाखला माझ्या काचेवर पालथा ठेवला होता, अगदी अलगद, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसा. मी तीन प्रती काढून दिल्या. तेवढ्यात प्रश्न आला.

तिचा चेहरा मला दिसला नाही. हात दिसले. ते थांबले, मग घाईघाईने हलू लागले. प्रती गोळा केल्या, पैसे ठेवले, पिशवी ओढली. दारातल्या दोघी फिसकन हसल्या. "वाट सोडा," एवढंच ती म्हणाली आणि गेली.

आणि दाखला माझ्या झाकणाखाली राहिला.

मित्रांनो, झेरॉक्सच्या दुकानात ही चूक रोज होते. माणूस नक्कल घेऊन जातो आणि मूळ विसरतो. म्हणून मालकांचा नियम आहे, गिऱ्हाईक वळलं की झाकण उचलून बघायचं. पण मालक तेव्हा शाई आणायला गेले होते, आई सुईत दोरा ओवत होती, आणि पिपाणी मैत्रिणींकडून पाठ थोपटून घेत होती.

थोड्याच वेळात रस्त्यावर आरडाओरडा झाला. दोन्ही मोर्चे समोरासमोर आले होते. कुठेतरी काच फुटली. मालक धावत आले, "चला, चला, घरी!" म्हणाले आणि खाडकन शटर ओढलं. तेव्हा दोन वाजले होते.

मी अंधारात राहिले. अंगावर तो कागद. त्यावरची गोल मोहर मला काचेतून जाणवत होती. मी स्वतःला समजावलं, येईल ती, पाचपर्यंत वेळ आहे.

ती आली. तीनच्या सुमारास शटरवर थाप पडली.

"काका! काका, माझा दाखला आत राहिलाय!"

शेजारच्या चपला शिवणाऱ्या आजोबांचा आवाज आला. "बंद करून गेले गं. घर कुठे ते नाही ठाऊक. पाटीवर फोन आहे बघ."

आणि मग माझ्या शेजारच्या खणात मालकांचा फोन वाजू लागला. घाईघाईत तो तिथेच राहिला होता! वाजला, वाजला, थांबला. पुन्हा वाजला. बाहेर ती कानाला फोन लावून उभी, आत फोन खणात थरथरतोय, आणि मध्ये मी, तिचा दाखला उराशी धरून. मला जीभ नाही. वीज बंद, त्यामुळे साधा लाल दिवासुद्धा लावता येईना. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच शब्द उमटवले, स्वतःचा एक शब्द मला कधी लागलाच नव्हता. त्या दिवशी एकच हवा होता. 'इथे.' बस, एवढाच.

फोन सतरा वेळा वाजला. मधूनच ती म्हणायची, "उचला ना. उचला ना हो." मग तिने कुलूप ओढून पाहिलं. मग आजोबा म्हणाले, "खिडकीवर जाऊन सांग तरी, झेरॉक्स दाखव." तिची पावलं धावत गेली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले, सव्वापाच वाजले. ती परत आली नाही आणि फोनही वाजला नाही. एरवी शांतता मला आवडते. त्या दिवशीची नाही.

सकाळी पिपाणीनेच शटर उचललं. पायरीवर ती निळ्या पिशवीवाली बसलेली होती.

"ताई! तू इतक्या लवकर?"

"झाकण उघड," ती म्हणाली.

पिपाणीने उघडलं. दाखला जसाच्या तसा. एक सुरकुती नाही. मी सांभाळला होता हो, पण त्या सांभाळण्याचा काय उपयोग?

"धाव ना ताई! मी पण येते..."

"काल शेवटचा दिवस होता. नकलेवर चालत नाही म्हणाले. जागा रिकामी म्हणून लिहून टाकली." तिने दाखला हातात घेतला, घडी घातली नाही. दारापर्यंत गेली आणि वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तोच मला सगळ्यात जास्त लागला.

"तू काल विचारलं होतंस ना? हो. राखीव जागेवरची होते."

ती गेल्यावर पिपाणीने खणातला बाबांचा फोन काढला, त्यावर न उचललेले सतरा फोन दिसले. गिऱ्हाइकं विचारायची, "पिपाणीत कचरा अडकला का?" ती खाली मान घालून कागद भरायची. दर प्रतीनंतर झाकण उचलून बघायची. आत काहीच नसायचं. तरी बघायची.

बुधवारी वेणीवाली आली तेव्हा पिपाणीने तिला हळूच विचारलं, "अशी गेलेली जागा परत मिळते का?"

"तक्रार समिती आहे. शुक्रवारपर्यंत ऐकतात. पण पुरावा हवा. नुसतं 'दुकानात राहिला' म्हणून भागत नाही, दुकानदाराने लिहून द्यायला हवं." ती कडवट हसली. "कोण देतंय?"

ती गेल्यावर मालकांनी पिपाणीकडे पाहिलंच नाही. "डोक्यात काही आणू नकोस," ते म्हणाले. "दुकानाची ही जागा विद्यापीठाची आहे. गेल्या वर्षी पलीकडच्या बाइंडिंगवाल्याने एका सरांचा प्रबंध हरवला, महिन्यात त्याचं दुकान उठलं. मूळ कागद आमच्याकडे पडून राहिला, असं मीच लिहून देऊ? मग खायचं काय, शाई?"

ते वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. त्यांनीच माझी काच रुमालाने पुसली होती. पण भीती माणसाला असं झाकून टाकते की आतलं मूळ कुणाला दिसतच नाही.

गुरुवारी चष्मेवाला नवं पत्रक घेऊन आला. पाचशे प्रती. पिपाणीने ते माझ्या काचेवर पालथं ठेवलं आणि मी वाचलं. 'राखीव जागांपैकी अकरा जागा रिकाम्या! ज्यांना नकोतच, त्यांच्यासाठी आमच्या जागा का अडवता?'

त्या अकरांपैकी एक कशी रिकामी राहिली हे मला ठाऊक होतं. ती जागा माझ्या काचेवर झोपून होती! आणि आता मीच छापायचं की ती नको होती? एक, दोन, तीन... दोनशे बाराव्या प्रतीला कागद अडकला. तुम्ही विचाराल, मुद्दाम केलंस का? खरं सांगू, मलाही माहीत नाही.

पिपाणीने माझं पोट उघडून चुरगळलेला कागद काढला. तो हातात धरून वाचला. मग चष्मेवाल्याकडे वळली.

"दादा, यातली एक जागा नको म्हणून रिकामी नाही राहिली. माझ्यामुळे राहिली." आणि तिने सगळं सांगितलं. पैजेपासून सतराव्या फोनपर्यंत.

चष्मेवाला म्हणाला, "बरं, पण बाकीच्या दहांचं काय?"

"मला एकीचंच माहीत आहे. बाकीच्या दहांचं तू विचारलंस का कुणाला?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उरलेल्या प्रती राहू देत सध्या," तो म्हणाला आणि छापलेल्याही तिथेच ठेवून गेला. परत येईल की नाही, कुणास ठाऊक.

मित्रांनो, माझं आता किती आयुष्य उरलं आहे? एखादा हंगाम. मग पुन्हा एखाद्या जिन्याखाली. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारखीच्या दुकानातून निघताना झाकण उचलून बघत जा. आणि तुमच्या एका प्रश्नाने कुणी घाईघाईने निघून गेलं, तर मागे तिचं काय राहिलं, तेही बघा. मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.

चष्मेवाला गेल्यावर पिपाणीने एक कोरा कागद घेतला आणि माझ्या झाकणावर ठेवून लिहू लागली. लिहिताना पेन काचेपर्यंत रुतत होतं. लिहून झाल्यावर तो कागद काचेवर ठेवून तिने एक प्रत काढली. डाव्या कडेला माझी काळी रेघ उमटली. मूळ कागद काढून घेतला, झाकण लावलं, पुन्हा उघडून पाहिलं. मग आई-बाबांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज तोच, तीन दुकानं ऐकतील असा.

"आई, बाबा, मी समितीकडे चाललेय. दाखला सोमवारी दुपारपासून मंगळवारी सकाळपर्यंत आपल्या दुकानात होता, असं मी लिहिलंय. ताईने खिडकीवर दाखवलेल्या प्रतीवर काळी रेघ आहे, ती आपल्याच मशीनची, हेही लिहिलंय. आणि तो राहिला का, तेही. त्याच्याखाली माझं नाव आहे. बाबा, दुकानाचा शिक्का दिलात तर बरं होईल. नाही दिलात तरी मी जातेय."