स्तोयनामावशीने पाहिलेली वार

नोव्हेंबरात आमच्या डोंगराकडे लांडग्यांचे दिवस पाळतात. त्या दिवसांत बायका कात्री, सुई, लोकर यांना हात लावत नाहीत. लावला तर घरातलं कुणीतरी जातं म्हणतात. झ्लातिनाने त्याच दिवसांत बाळासाठी दुपटी कापली, आणि सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. तिच्या सासूला, स्तोयनामावशीला, एवढं पुरे होतं.

"मी बजावलं होतं," दवाखान्याच्या बाकावर बसून स्तोयनामावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "तर म्हणते, लांडग्यांना माझा पत्ता कुठे ठाऊक आहे! घे आता."

मी इथली सुईण. माझं डोकंच फिरलं. आत पोरगी फिट येऊन गेल्यापासून अर्धवट शुद्धीत एकच विचारत होती, "मीच मारलं ना त्याला?" आणि बाहेर हिची टकळी चालू. असंच चाललं तर पोर हाय खाऊन जाईल, हे मला दिसत होतं. मी म्हातारीचा दंड धरला आणि तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे पातेल्यात बाळामागून पडलेली वार ठेवली होती.

"ही बघा, मावशी. आईच्या रक्तातलं सगळं बाळाला हिच्यातून मिळतं. हिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंदच राहिल्या, त्यातूनच झ्लातिनाचं ब्लडप्रेशर चढलं. म्हणून ही एवढीशीच वाढली. हे पांढुरके चट्टे दिसतात? तिथे रक्त पोचलंच नाही. लेकरू आत उपाशी राहिलं. कात्रीचा काय संबंध?"

मला वाटलं, ती तोंड फिरवेल. पण ती वाकली आणि एक चट्टा बोटाने दाबून पाहू लागली.

"यात पाय सुजतात का गं?"

"सुजतात. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते."

"माझी अशीच होती," ती म्हणाली. "अशीच कडक. सासूने पुरायला माझ्याच हातात दिली. म्हणाली, लांडग्यांच्या दिवसांत लोकर पिंजलीस, आता भोग."

झ्लातिनाच्या नवऱ्याआधी मावशीचं एक मूल असं गेलं होतं, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने हात धुतले, बराच वेळ धुतले. मग सुनेच्या खोलीत गेली.

झ्लातिनाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आई, मीच ना?"

म्हातारी खाटेच्या कडेला बसली.

"तू नाही," ती म्हणाली. "मीपण नव्हते गं."