सत्यभामाबाईंची पोत

रागिणीची आई माणिकबाई राजापेठेत फुलं विकायची. शेखर अंजनगाव सुर्जीचा. त्याच्या घरचा पानमळा होता, शिवाय थोडी शेवंती. ती शेवंती तो रोज सकाळी मोटारसायकलवर लादून अमरावतीला आणायचा. माणिकबाई भाव करायची, रागिणी तोलायची. तोलताना रागिणी काट्याकडे बघतच नाही, हे माणिकबाईच्या जरा उशिरा लक्षात आलं.

मग तिने शेखरकडून फुलं घेणं थांबवलं आणि दर्यापूरचं एक स्थळ पक्कं केलं. शेखर घरी येऊन सरळ मागणी घालून बसला. माणिकबाई हार ओवत होती. तिने सुई थांबवली नाही.

"माह्या पोरीले सोन्याचा एक मणी तरी करशीन का तू?"

"करीन."

"कर मंग. केला की ये."

माणिकबाईने हे त्याला घालवून देण्यासाठी म्हटलं होतं. शेखरने ते मनावर घेतलं.

साखरपुड्याच्या आधी दोघं अकोल्याला पळाली. एका देवळात त्यांनी एकमेकांना हार घातले. हार रागिणीनेच ओवले होते, त्यामुळे चांगले झाले होते. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, खुर्शीदबीच्या घरी माडीवरची खोली मिळत होती. खुर्शीदबी विधवा, रजया शिवायची. तिने रागिणीच्या गळ्याकडे पाहिलं.

"शादी झाली म्हणता, मंग पोत कुठी हाय?"

रागिणी बाजारात गेली आणि काळ्या मण्यांचं साधं मंगळसूत्र घालून परत आली. खुर्शीदबीने वाट्या बोटांत धरून पाहिल्या.

"नकली हाय."

"हो."

"शादी तं असली हाय ना?"

"हो."

"मंग चाबी घे."

शेखर एका दालमिलमध्ये पोती उचलायला लागला. संध्याकाळी तो तुरीच्या भुशाने पांढरा होऊन यायचा आणि रागिणी त्याला जिन्यातच अंग झटकायला लावायची. ती घरी बसून एका दुकानासाठी गजरे करायची. रात्रीचं जेवण गच्चीवर. जेवताना शेखर पानमळ्याच्या गोष्टी सांगायचा, वेलीला ऊन कसं सोसत नाही वगैरे. तिला त्या सगळ्या पाठ झाल्या होत्या, तरी ती ऐकायची.

वाट्यांचं गिलिट उडालं आणि तिची मान काळी पडायला लागली.

"दुसरी घेऊ बाजारातून," ती म्हणाली. "मले अशीच पुरते."

"मले नाई पुरत," शेखर म्हणाला.

एका रविवारी तो मोटारसायकलवर अमरावतीला चंदाआत्याकडे जाऊन येतो म्हणून निघाला. परत आला तेव्हा त्याच्या खिशात सोन्याची पोत होती.

"आत्यानं देली."

रागिणीने ती घातली. वाटीजवळची एक कडी उघडली होती, ती तिने दातांनी दाबून बसवली. मग स्वतःचा फोटो काढून आईला पाठवला. पळून आल्यापासून माणिकबाईने तिच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. या वेळी दिलं. एक व्हिडिओ आला, सोबत एक अक्षर नाही.

व्हिडिओ राजापेठेतल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातला होता. स्कूटरवर म्हातारा नवरा, मागे बायको. मागून मोटारसायकल येते. हात पुढे होतो. बाई उताणी रस्त्यावर पडते. मोटारसायकलवाल्याने हेल्मेट घातलं होतं, पण त्याचा डावा गुडघा बाहेर काढलेला होता. वर्षानुवर्षं टाकीवर फुलांची पोती ठेवून चालवल्यामुळे शेखरला तशीच सवय लागली होती.

रागिणीने आईला फोन लावला.

"दवाखान्यात हाय ते बाई," माणिकबाई म्हणाली. "सत्यभामा धर्माळे. दर शुक्रवारी माह्याकडूनच गजरा न्यायची, तिची पोत मी फोटोत लगेच वळखली. शुद्धीवर नाई." आणि तिने फोन ठेवला.

शेखर गच्चीवर कपडे वाळत घालत होता. रागिणीने मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्याने शेवटपर्यंत पाहिलं.

"ते पडली तवा तू मांगं पायलं का?"

"पायलं."

"मंग?"

"मंग गाडी दामटली." त्याने हातातला ओला शर्ट पिळला. "ते पडीन असं वाटलं नवतं. वाटलं, तुटून हातात येईन."

"मी मांगतली होती?"

"नाई."

"चाल," ती म्हणाली. "तिले शुद्ध आली की तिच्या हातात देऊ."

"मले पकडतीन, रागिणी."

"तू गेटवर थांब. पळाचं असंन तं पळ."

"पळालो, तं मंग तुले कुठी भेटू?"

तिने पोत गळ्यातून काढून रुमालात बांधली. मोटारसायकल घरीच ठेवून दोघं एसटीने निघाली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा शेखरने खिडकीतून संत्री घेतली. तिने सोलली, निम्म्या फोडी त्याला दिल्या.

दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर धर्माळे बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बायकोच्या बांगड्या आणि जोडवी. नर्सने नुकतीच सही घेऊन ती त्यांच्या हाती दिली होती. रागिणीने पोत पुढे केली. त्यांनी तीही पिशवीत ठेवली.

"सही कुठी करू?" त्यांनी विचारलं.

"बाई कशा हायेत?"

"आत्ताच गेली." मग त्यांनी पिशवीत पुन्हा पाहिलं. "हे तं चोरीले गेली होती."

"हो. परत आणून देली."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पुतण्याने रागिणीचं मनगट धरलं. "कोणं ओढली? कुठी हाय तो?"

रागिणीने गेटकडे पाहायचं टाळलं. त्याने तिच्या थोबाडीत मारली. पुन्हा विचारलं, पुन्हा मारली. आवाज गेटपर्यंत गेला. शेखरला तिथून रस्ता मोकळा होता, समोर रिक्षाही उभी होती. तो आत आला.

"तिले सोडा. मी ओढली."

पुतण्याने रागिणीला सोडलं. त्याच्यासोबत नात्यातले आणखी दोघे होते. धर्माळे "अरे, थांबा" म्हणत होते, पण कोणी ऐकत नव्हतं. रागिणी मधे पडली, तिला बाजूला ढकललं. पोलीस आले तेव्हा शेखर भिंतीला टेकून बसला होता आणि पोटात दुखतंय म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. आतून रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला अंजनगावला नेलं. रागिणीला त्याच्या घरच्यांनी आत येऊ दिलं नाही. ती पानमळ्याच्या कुंपणाजवळ उभी राहिली आणि लोक परतल्यावर परत निघाली.

आरोपीच उरला नाही म्हणून पोत ओढल्याचं प्रकरण मिटलं. मारहाणीचं कोर्टात उभं राहिलं. गर्दीत कोणाचा हात लागला हे सांगता येत नाही, असं पुतण्याच्या वकिलाचं म्हणणं होतं. रागिणीने पाहिलेलं सांगितलं. शेखरची बायकोच ती, तिच्या शब्दाला फारसं वजन नव्हतं. नंतर धर्माळे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

"माह्या पुतण्यानं मारलं. तो खाली पडल्यावरही मारलं. मी पायलं."

"तुमच्या पत्नीचा जीव त्या पोरानं घेतला, हे विसरले का तुमी?" वकिलाने विचारलं.

"नाई. तेही खरं हाय."

पुतण्याला शिक्षा झाली. बाहेर माणिकबाई रागिणीला न्यायला आली होती. रागिणी तिच्याजवळ थोडा वेळ उभी राहिली, तिने आणलेला डबा घेतला आणि अकोल्याला जाते म्हणाली. धर्माळ्यांच्या घरच्यांची गाडी त्यांना न घेताच निघून गेली होती. तेव्हा धर्माळे तिच्यासोबत चालत एसटी स्टँडपर्यंत आले. गाडीला वेळ होता.

"पोरगा कसा होता?" धर्माळ्यांनी विचारलं.

"चांगला होता." तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "तुमच्यासमोर असं म्हणायले नाई पायजे."

"म्हण."

"लय बोले. पानमळ्याचंच बोले." तिने डबा पिशवीत टाकला. "बाई?"

"भांडकुदळ. गाडीवर मांगं बसली की घरापर्यंत भांडे." त्यांनी चष्मा पुसला. "आता गाडी चालवताच येत नाई मले."

अकोल्याची गाडी लागली. रागिणी चढली, तिला खिडकी मिळाली. गाडी सुटेपर्यंत धर्माळे खाली उभे होते. मग ते घरी जायला रिक्षा शोधायला लागले.