दांडगोबाचा पुठ्ठा

मी एक जुना खाकी पुठ्ठा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. तुमच्या पाठीवर एकाच जागी कोणी एकोणीस वेळा खोडरबर घासला असता, तर तुम्हीही चिडला असता.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यात सांगण्याजोगं काही नाही. लगदा, रूळ आणि उकाडा. खरं आयुष्य सुरू झालं ते मावशीच्या शिवणाच्या खोलीत. मावशी शिवणकाम करायची. तिने मला कापून लहान मुलाच्या सदऱ्याची पाठ बनवलं, वरच्या टोकाला भोक पाडलं आणि खिळ्याला अडकवलं. कापड आलं की मला त्यावर ठेवायचं, भोवती खडूची रेघ मारायची आणि कात्री चालवायची. “हा पुठ्ठा कधी दगा देत नाही,” असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि मी खिळ्यावर फुगून जायचो.

कापायच्या टेबलाखाली तिची भाचरं बसायची, दादा आणि धाकटी. त्यांची आई कामावरून येईपर्यंत मावशी मशीन चालवता चालवता त्यांना दांडगोबाची गोष्ट सांगायची. दांडगोबा म्हणजे बर्फाच्या डोंगरावरून आलेला रानटी वीर. अंगावर अस्वलाचं कातडं, हातात दाराएवढी कुऱ्हाड, डोकं यथातथाच. राक्षस दिसला की तो डरकाळी फोडायचा, कुऱ्हाड उगारायचा, आणि त्याचा पहिला वार हमखास हुकायचा. कधी झाडावर, कधी खांबावर, एकदा तर स्वतःच्याच जेवणाच्या टोपलीवर. मुलं हसून लोळायची. मग राक्षस पळाला तर पळाला, नाहीतर दुसरा वार बसायचा.

मुलं मोठी झाली. दादा गणिताच्या शिकवण्या घेऊ लागला, धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासू लागली. लोक तयार कपडे घेऊ लागले आणि मी कपाटामागे पडलो. आठ वर्षं धूळ खाल्ली. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, बोलणं मात्र सुधारलं नाही. शब्द ओठांवर येऊन अडायचे. समोरच्याने मदत म्हणून शब्द पुरवला की ती आणखी गप्प व्हायची. हळूहळू तिने सगळ्यांबरोबर जेवायला बसणंही सोडलं. ताट खोलीतच मागवायची. धाकटीचा जीव तुटायचा. ही अशीच मिटून गेली तर, ही एकच धास्ती तिला लागली होती.

दादा आणि शेजारचा बेकरीवाला रविवारी दुपारी एक खेळ खेळायचे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि ते काय करतं ते तोंडाने सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा जितका मोठा, तितकं यश. धाकटी म्हणाली, मावशीला दांडगोबा देऊ या, चार शब्द तरी बोलेल. बरीच मनधरणी केल्यावर मावशीने एक बोट वर केलं. एकदाच. म्हणजे संधीही एकच.

पात्राची माहिती लिहायला जाड कागद हवा होता, म्हणून धाकटीने मला बाहेर काढलं. मला काय आनंद झाला! दांडगोबा माझ्या अंगावर लिहिला जाणार, आणि माझ्याइतका त्याला ओळखतो कोण?

पण पेन्सिल होती दादाच्या हातात. इथून माझे हाल सुरू झाले. त्याने आधी प्रेमापोटी शक्ती तीस लिहिली. खेळून पाहिलं, तर चहा निवायच्या आत तीन राक्षस आडवे. मग आम्ही काय माश्या मारायच्या, असं बेकरीवाल्याने विचारलं. खोडलं. बारा लिहिली, तर एका लांडग्याने दांडगोबाला लोळवलं. खोडलं. मग खेळाच्या नियमात रानटी वीराला राग येतो, म्हणून दर लढाईत राग लिहिला. अरे, आमचा दांडगोबा असा येता-जाता कधी चिडायचा? चिडतो तो मी! तेही खोडलं, पुन्हा लिहिलं.

धाकटीने एका कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘पहिला वार हुकतो.’ दादा म्हणाला, मावशीचा पहिलाच डाव फुकट गेला तर तिचा हिरमोड होईल. ती गंमत होती, तिचा नियम कशाला करायचा? धाकटीलाही पटलं. दादाने रबर असा घासला की तिथे मला आरपार भोक पडलं. मी आतल्या आत ओरडत होतो. पण पुठ्ठ्याचं ऐकतो कोण?

रविवारी मावशी टेबलाशी येऊन बसली. तिने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला ओळखलं. मग सावकाश सगळे आकडे वाचले. दादाने पुलावर राक्षस उभा केला. मावशीने फासा टाकला. वीस! बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या, दादा राक्षसाचं मुंडकं कसं उडालं ते रंगवून सांगू लागला.

मावशीने मानेनेच नाही म्हटलं. दादाला वाटलं तिला फासा दिसला नाही. याहून मोठा आकडाच नसतो, असं त्याने तिला समजावलं. तिने मला खाली ठेवलं आणि खुर्ची मागे सारली. धाकटीचा चेहरा उतरला. दादा काहीतरी शब्द पुरवणार, तेवढ्यात धाकटीने त्याचा हात दाबला. सगळे थांबले. चहावर साय धरली तरी थांबले.

“पहिला हुकतो,” मावशी म्हणाली.

“गंमत म्हणून ना गं?” धाकटीने विचारलं.

“गंमत... तुम्हाला. तो मुद्दाम चुकवतो. समोरच्याला पळायला... वेळ मिळावा म्हणून.”

मित्रांनो, दादा खाली बघू लागला, आणि मलाही लाज वाटली. इतकी वर्षं खिळ्यावर लटकून मी तीच गोष्ट ऐकली, आणि मीही त्याला वेंधळाच समजत होतो.

मावशीने शिवणाचा खडू मागून घेतला आणि माझ्या नव्या भोकाशेजारी ते वाक्य पुन्हा लिहिलं. दादाने लगेच पेन्सिल उचलली. म्हणे, पहिल्या वाराला उणे वीस धरू! धाकटीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. मावशीने खुर्ची पुढे ओढली.

“राक्षस पळाला,” ती म्हणाली. “पुढचं... मी सांगते.”

आता ती रोज टेबलावर जेवते. अडते, थांबते, पण कोणी मध्ये शब्द टाकत नाही. तुम्हीही टाकू नका. आणि कोणाची गोष्ट खोडायला रबर उचलाल, तेव्हा आधी ज्याची आहे त्याला विचारा आणि तो बोलेपर्यंत दम धरा. मावशी मला हल्ली त्या नव्या भोकानेच खिळ्याला अडकवते, त्यामुळे मी वाकडा लटकतो. दादा येता-जाता मला सरळ करतो. त्याला कोणीतरी सांगा रे, हात लावू नकोस. खडू पुसला जातो.