भावाचं मारिटा

आमच्यात बाळंतिणीला पहिलं मारिटा तिच्या भावानं आणायचं. नवऱ्यानं डुकरांचा कळप कापून घातला तरी त्या एका फळाची सर येत नाही. हातभर लांब, लालभडक फळ. शिजवून पिळलं की दाट तेल सुटतं, ते रताळ्यावर ओतून खाल्लं की आटलेल्या बाईला दूध फुटतं. माझी छाती कोरडी पडली होती आणि पोरात रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच माहेरची आणि सासरची जुंपली. कशावरून, तर एका डुकरिणीवरून! पुरुषांना निमित्तच हवं असतं. ओढ्यापलीकडची घरं जळत होती. माझ्या माहेरच्यांचा बाण सासऱ्यांच्या गळ्यातून आरपार गेला होता.

"तुझा भाऊ कसला येतोय आता!" सासूबाई म्हणाल्या. "जीव सगळ्यांनाच प्यारा असतो."

"माझा भाऊ कामान येणार. तो तुमच्या लेकासारखा नुसता तोंडाचा शूर नाही."

आला तो. पहाटेच्या धुक्यात, ओढ्याच्या वाटेनं. लाल रंग लांबून दिसू नये म्हणून फळ केळीच्या पानात गुंडाळून खांद्यावर घेतलेलं. आमच्याकडे बाणांची जुडीही अशीच पानात गुंडाळून खांद्यावर नेतात. कुंपणापाशी माझा नवरा कोपे राखणीला होता. त्याचा बाण कामानच्या पोटात घुसला. कामान चिखलात पालथा पडला, हातांवर उठू लागला, तोवर कोपेनं धावत जाऊन मानेवर कुऱ्हाड घातली. मग जुडी ओढून घेण्यासाठी त्याला पायानं उताणा केला.

बायकोच्या भावावर लढाईतही हात उचलायचा नसतो. तो समोर आला तर आपण बाजूला व्हायचं. कोपे आजवर नेहमीच बाजूला झाला होता.

तो फळ घेऊन दारात उभा राहिला. कोपरापर्यंत रक्त.

"तोंड खाली होतं गं त्याचं... मला वाटलं, बाण आहेत."

मी तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी त्यावर हात दाबला. "थांब! हंबरडा फोडलास की सुतक लागलं. रक्ताच्या माणसाच्या सुतकात मारिटा खाता येत नाही. पोर जाईल तुझं. आधी खा, मग रड."

मी त्यांचा तळहात चावला, रक्त येईपर्यंत चावला. त्यांनी हात काढला नाही. शेवटी मी मान हलवली.

त्यांनी दगड तापवले, फळ शिजवलं, त्याच रक्ताळल्या हातानं पिळलं. मी खाल्लं. गोड लागलं मेलं! त्याचा राग अजून जात नाही माझा. उन्हं कलली तेव्हा दूध उतरलं. पोर हपापल्यासारखं प्यायलं आणि झोपलं.

मग मी बाहेर येऊन असा टाहो फोडला, की पलीकडच्या डोंगरावरून माझ्या माहेरच्या बायकांनी ओ दिली.

आमच्यात भाऊ गेला की बहीण आपलं एक बोट तोडून देते. मी डावा हात ओंडक्यावर ठेवला.

"कोपे, कुऱ्हाड आण. तीच."

"काकांना बोलावतो. ते काम त्यांचं."

"काका नकोत. तू घाल."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"का? त्याचं तोंड खाली होतं म्हणालास ना? माझं वर आहे. बघ माझ्याकडे आणि घाल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघतच घाव घातला त्यानं, म्हणून एका घावात बोट तुटलं नाही.