ज्याच्या हातून पडला, त्याने उचलावा

मी रिले शर्यतीतला एक जुना बॅटन आहे आणि खरं सांगायचं तर, मित्रांनो, आता पार थकलो आहे. तुम्ही म्हणाल, तू कशाने थकलास? धावतात तर मुलं. बरोबर आहे. मी आयुष्यात एक पाऊलही स्वतःहून टाकलेलं नाही. पण घामेजल्या मुठीत आवळून तुम्हाला कुणी वर्षानुवर्षं पळवलं असतं, म्हणजे कळलं असतं!

एका वर्कशॉपमध्ये लेथवाल्याने मला ॲल्युमिनियमच्या नळीतून कापून काढलं. माझ्या कडा त्याने पुन्हा पुन्हा घासल्या. "पोरांचा हात कापायला नको," असं तो स्वतःशीच पुटपुटला. एवढ्या मायेने मला नंतर कुणी हातात घेतल्याचं आठवत नाही. मग लाल रंग चढला आणि मी एका शाळेत आलो. कुणी मला नळाचा तुकडा म्हणालं, कुणी लाटणं. मी आतून पोकळच आहे, त्यामुळे फार ताठा दाखवणं मला जमत नाही.

पण शर्यतीत माझा मान मोठा होता. चौघी धावतात, पंच मात्र बघतात ते मला. बदलाचा पट्टा म्हणून जमिनीवर आखलेला एक भाग असतो. त्या पट्ट्यातच मी एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवा. मुलीचे पाय कुठे आहेत ते महत्त्वाचं नाही, मी कुठे आहे ते महत्त्वाचं. पट्ट्याबाहेर दिलात तर सगळा संघ बाद. शेवटची रेघ ओलांडतानाही मी मुठीत हवा. रिकाम्या हाताने पहिल्या आलात, तर रिकाम्या हातानेच घरी जा.

सगळ्यात अवघड काम घेणारीचं. मागून येणारी ठरलेल्या खुणेवर पोचली, की हिने जीव खाऊन पळत सुटायचं. "हात!" अशी हाक आली की हात मागे करायचा आणि वळून बघायचं नाही. वळून बघितलं की वेग गेलाच. न बघता हात मागे करायला मोठा विश्वास लागतो हो. तो माणसांपाशी किती असतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या संघात तिसरी धावायची ताई आणि चौथी तिची धाकटी बहीण. धाकटीला सगळे शेपूट म्हणायचे, कारण ती सदानकदा ताईच्या मागे. फक्त शर्यतीत ती ताईच्या पुढे उभी राहायची.

सरावासाठी खेळाच्या बाई मला त्या दोघींबरोबर घरी पाठवायच्या. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आईचं इस्त्रीचं टेबल आणि लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. ताई अभ्यासात हुशार, म्हणून घरात तिचा थाट. तिच्या हातून पेन पडलं, कंगवा पडला, तरी आई इस्त्री न थांबवता म्हणायची, "शेपटे, उचल गं. ताई अभ्यास करतेय." शेपूट उचलायची. एकदा ती म्हणाली, "तिला हात नाहीत का?"

"जीभ फार चालते हं तुझी! उचल आधी," आई म्हणाली.

मीसुद्धा ताईच्या हातून त्या फरशीवर कितीदा तरी आपटलो. माझ्या अंगावरचे निम्मे पोचे त्याच घरातले. मला उचललं कुणी, ते विचारायलाच नको.

मग शर्यतीचा दिवस आला. ताई खुणेवर आली, शेपूट सुटली, हात मागे आला. ताईने मला नीट टेकवायच्या आत सोडलं. मी शेपटीच्या बोटांना नुसता चाटून गेलो आणि खाली पडलो. ताई होती तिथेच उभी राहिली. शेपूट गर्रकन वळली, वाकली, मला उचललं आणि अशी काही पळाली, की आमचा संघ दुसरा आला. टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ पंचांनी लाल झेंडा वर केला.

कारण मी अजून शेपटीच्या मुठीत आलोच नव्हतो. पडलो होतो तो ताईच्या हातून. आणि नियम असा आहे मित्रांनो, की ज्याच्या हातून बॅटन पडला, त्यानेच तो उचलायचा. दुसऱ्याने उचलला की संघ बाद. शेपटीला हा नियम पाठ होता. पण तिच्या कमरेला घरची सवय होती, ती आधी वाकली.

"तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?" ताई सगळ्यांसमोर ओरडली.

"तू उचलत नव्हतीस ना!"

घरी आईनेही तिलाच बोल लावला. "ताईची मेहनत मातीत घातलीस." वर्षभर ती पोर हे ऐकत राहिली. मला भारी राग आला होता. पण नळीच्या रागाला कोण विचारतो?

पुढचं वर्ष ताईचं शाळेतलं शेवटचं. बाईंनी शेपटीला बाजूला घेतलं. "या वेळी चूक झाली तर संघातून काढीन. आत्ताच सांगून ठेवते." शेपटीने मान डोलावली. धावण्यापलीकडे तिच्यापाशी स्वतःचं असं काहीच नव्हतं, बाकी सगळं ताईचं वापरून झालेलं. त्या रात्री ती मला उशाशी घेऊन झोपली आणि झोपेतही मूठ सोडली नाही.

शर्यतीला या वेळी आईसुद्धा आली. दोरीला टेकून उभी राहिली. पहिले दोन बदल झकास झाले. ताई आली, "हात!" म्हणाली, हात मागे आला. आणि ताईने पुन्हा घाई केली. मी पुन्हा खाली.

"शेपटे, उचल गं!" आई दोरीपासून ओरडली.

शेपूट वळली. वाकली. तिची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर आली आणि तिथेच थांबली. मग ती सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"तुझ्या हातून पडलाय, ताई. तू उचल."

"शेपटे, अगं सगळ्या पुढे गेल्या!"

"जाऊ देत. तू उचल."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग वाकली. इतक्या वर्षांत तिने मला जमिनीवरून उचललेलं ते पहिल्यांदाच. शेपूट पुढे सुटली, मागे न बघता. "हात!" ताईचा आवाज रडवेला झाला होता. शेपटीचा हात मागे आला, तसाच, विश्वासाने. मला त्या पोरीचं नवल वाटतं अजून.

आम्ही शेवटून पहिले आलो. पण पंचांनी पांढरा झेंडा दाखवला आणि आमच्या संघाचं नाव निकालात वाचलं गेलं. बाई शेपटीला एवढंच म्हणाल्या, "तू संघात आहेस." संध्याकाळी घरी ताईचा कंगवा पडला. आईने सवयीने "शेप..." म्हटलं आणि शब्द अर्ध्यावरच सोडला. ताई उठली आणि तिने कंगवा उचलला. इस्त्री मात्र बराच वेळ एकाच सदऱ्यावर फिरत राहिली.

आता दोघी कुठे आहेत, कोण जाणे. शाळेत नवे, हलके बॅटन आले. मला सामानाच्या खोलीत टाकलं. मागे एकदा कपाट आवरताना कुणाच्या तरी हातून मी निसटलो आणि कपाटामागे गेलो. तो म्हणाला, "राहू दे, शिपाई काढेल." शिपाई म्हणाला, "मी थोडाच पाडला?" तेव्हापासून इथे धूळ खात पडलो आहे.

मला आता धावायची हौस नाही, मित्रांनो. अंग दुखतं. पण तुमच्या हातून काही पडलं, तर घरातलं कोण वाकतंय म्हणून मागे बघू नका. स्वतः वाका. त्या वाकणाऱ्याची पाठही कधीतरी दुखत असते.

आणि कपाटामागे हात घालणार असाल, तर ज्याने मला पाडलं त्यालाच पाठवा. मी त्याचीच वाट बघतो आहे.