मागचा फोटो

"हिच्यात जागा भरपूर, पण चालते गोगलगायीसारखी. आणि ही पळते, पण पोट लहान." कॉम्प्युटरवाल्याने एक्स-रे साठवायच्या दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक विटेसारखी जाडजूड, दुसरी बिस्किटाएवढी.

"दोन्ही घेतल्या तर?" तिने विचारलं.

"घ्या की. मला काय, दुकानच आहे. पण तुमच्याकडून मंजुरी एकीचीच आलीय."

मोठे डॉक्टर दारातच उभे होते. रुग्णालय त्यांचं, मंजुरीही त्यांचीच. त्यांनी दोन्ही डिस्ककडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "फोटोताई, दिवसभर त्या मशीनशी डोकं तुम्ही लावता. तुम्हीच सांगा."

एक्स-रेला आणि स्कॅनला सगळेच पेशंट 'फोटो' म्हणायचे, म्हणून ती फोटोताई. लग्नाआधीपासून ती त्या जाड भिंतींच्या खोलीत काम करत होती, पण एखाद्या वस्तूबद्दल तिचं मत कोणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर जुनी डिस्क आली. पेशंटचं नाव टाकायचं आणि पडद्यावर फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायचं. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली. कोणी दार ठोठावायचं, कोणी ओरडायचं. डॉक्टरांवर आवाज चढवायची कोणाची छाती व्हायची नाही, बोलणी तिच्या वाट्याला. घरी पोचावं तर लेक एकटीच जेवून पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली.

"आणि जुने फोटो?"

"लहान घेतली तर अलीकडचे तेवढे मावतील. बाकीचे त्या म्हातारीवरच राहतील. ती आता खरखरायला लागलीय. किती दिवस काढेल, सांगता येत नाही."

"जुने फोटो कोण विचारतंय," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं नंतर बघू. घेऊ एखादी मोठी, सवडीने."

तिने लहान डिस्कवर बोट ठेवलं. "ही बसवा."

जुनी डिस्क तिने स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. सुरुवातीला दोन-तीनदा तिने डॉक्टरांना आठवण करून दिली. "हो हो, बघू," ते म्हणाले. मग तीही विसरली. काम इतकं सुरळीत चाललं होतं, की आठवण यायला कारणच उरलं नव्हतं. नाव टाकलं की फोटो हजर. बाहेरचा बाक दुपारीच रिकामा व्हायला लागला. ती उजेडात घरी पोचायला लागली. लेकीची पोहण्याची शिकवणी संपायच्या आत तिला तलावावर जाता येऊ लागलं. काठावर बसून ती पाण्यातली लेक बघायची. स्वतः तिने कधी घोट्याच्या वर पाय बुडवला नव्हता.

एकदा परांचीवरून पडलेला गवंडी आणला. डोक्याला बाहेरून साधं खरचटलेलंही नव्हतं. तो टेबलावरून उतरवायच्या आत फोटो पडद्यावर होता आणि आतला रक्तस्राव डॉक्टरांना दिसला. गवंडी वाचला. महिन्याभराने बायकोला घेऊन तो स्वतःच्या पायांनी आला आणि कोणाचे आभार मानायचे ते न कळून दारातल्या पहारेकऱ्यालाच नमस्कार करून गेला. "जुनी डिस्क असती तर हा हातचा गेला होता," डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी ती घरी जाताना उगाचच लांबच्या रस्त्याने गेली.

पुढच्या हिवाळ्यात पोहण्याचे मास्तर आले. तिच्या लेकीला पाण्यात सोडलं ते यांनीच. उंच, रुंद छातीचा माणूस. तलावाच्या तळाशी बसून वर बुडबुडे सोडायचे आणि काठावरच्या आया घाबरल्या, की हसत वर यायचे.

"खोकला जात नाही, बाकी काही नाही," ते म्हणाले. "आमच्या घरच्यांनी पाठवलंय. मी आपला आज्ञाधारक."

तिने फोटो काढला. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, एक गोल डाग होता.

मोठ्या डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. "यांचा मागचा फोटो काढा."

"मागे न्यूमोनिया झाला होता तेव्हा काढला होता," मास्तर म्हणाले. "तेव्हाही तुम्ही काहीतरी ठिपका म्हणाला होतात, डॉक्टर. मी म्हटलं, सौंदर्याचा तीळ असेल."

"तेव्हा होता आणि आजही तेवढाच असेल, तर प्रश्नच मिटला. जुना व्रण. वाढला असेल तर मात्र... काढा, ताई."

तिने नाव टाकलं. उत्तर लगेच आलं. काही सापडलं नाही.

त्या वेळी मास्तरांनी फोटो घरी मागितला होता, ते तिला तिथेच आठवलं. "नेऊन काय करणार? तलावावर भिजवून टाकाल," ती हसून म्हणाली होती. "आमच्याकडे असतं सगळं जपून."

कपाटातली डिस्क तिने जोडली. आतून टकटक आवाज आला, थांबला, पुन्हा आला. कॉम्प्युटरवाल्याने ती दोन दिवस दुकानात ठेवून घेतली आणि परत आणून दिली. "गेली ती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उघडून पण बघितली. खरवडून निघालीय आतून."

पुढचं सगळं रीतसर झालं. मास्तर तरुणपणी सिगारेट ओढायचे. सुईने तुकडा काढून बघावा, तर डाग अडचणीच्या जागी. मोठ्या दवाखान्यातले सर्जन म्हणाले, "जुना फोटो असता तर मी हात लावला नसता. नसताना थांबायला सांगायची जबाबदारी मी घेणार नाही." मास्तरांची बायको रडायला लागली, तेव्हा मास्तर म्हणाले, "काढून टाका बाबा. हिचं रडणं तरी थांबेल."

फुप्फुसाचा वरचा भाग काढला. तपासणीत आलं, की डाग साधा होता. कधीतरी होऊन आपला आपण बरा झालेला व्रण.

मास्तरांची बायको ही बातमी सांगायला मुद्दाम फोटोच्या खोलीत आली. "सुटलो हो ताई, काही निघालं नाही," म्हणत तिने फोटोताईचे दोन्ही हात धरले. फोटोताईला 'छान झालं' एवढे दोन शब्द म्हणायचे होते, ते ओठांवर येईनात. बाईला वाटलं, तिलाही भरून आलंय. तिने उलट तिच्याच पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. "ती मोठी डिस्क घ्यायला हवी होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग तो गवंडी मेला असता."

"हो."

"मग?"

गवंडी खरा होता, मास्तरही खरे होते. एकाचं दुसऱ्यातून वजा करून पाहावं तर काही केल्या हिशोब लागेना.

"मीच म्हणालो होतो, नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आठवण करून दिली होतीत." पुढच्या आठवड्यात मोठी डिस्क आली. तिने ती स्वतः बसवून घेतली. तेव्हापासून रोज काम संपल्यावर सगळे फोटो तिच्यावर उतरेपर्यंत ती खोलीत बसून राहते. डिस्क सावकाश चालते. ती घाई करत नाही.

मास्तर तलावावर परतल्याचं लेकीकडून कळलं, तेव्हा एका दुपारी ती गेली. लेक आता मोठी झाली होती, येत नव्हती. मास्तर गळ्यात शिट्टी घालून काठाने चालत होते. छाती तेवढीच रुंद, पण एक खांदा किंचित उतरलेला. पोरं पाण्यात धुडगूस घालत होती.

"काय ताई, आता तरी उतरता का पाण्यात?"

ती हसली नाही. तिने सगळं सांगितलं. टेबलावरच्या दोन डिस्क, तिने ठेवलेलं बोट, कपाट. मास्तरांनी मध्येच तिला थांबवलं नाही.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "डॉक्टरांनी घरी येऊन सांगितलं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुमच्याशी भांडून गेलेलं फुप्फुस उगवणार होतं का?" ते पाण्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "वाईट वाटतं. नाही असं नाही. रोज वाटतं. पण तुमचा राग यावा म्हणून बसलो, तर येत नाही."

इतक्यात खोल बाजूला एका पोराचा पोहायचा चष्मा बुडाला आणि ते रडवेलं होऊन मास्तरांना हाका मारू लागलं. मास्तरांनी शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि शिडी उतरून ते पाण्यात शिरले. श्वास भरून खाली गेले. लगेच वर आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा चष्मा हातात होता. पोराने तो घेतला आणि ते पोहत निघूनही गेलं.

मास्तर शिडी चढू लागले आणि मधल्या पायरीवर थांबले. दोन्ही हातांनी दांडा धरून ते पोरांवर लक्ष ठेवत असल्यासारखे तिकडे बघत राहिले. त्यांची पाठ वरखाली होत होती. ती हात द्यायला एक पाऊल पुढे आली, मग जागीच थांबली, आणि ते स्वतःहून वर येईपर्यंत दुसरीकडे बघत उभी राहिली.