वर पिवळी, खाली काळी

मी ढीग बोलतोय. मातीचा ढीग. बोलायची मला सवय नाही, आणि ढिगाचं ऐकायला थांबतंय कोण! पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो हळूहळू.

ढीग व्हायच्या आधी मी जमीन होतो. सपाट, निवांत. वर हातभर काळी माती, तिच्यात गांडुळं, मुळं, मुंग्यांची बिळं. खाली पिवळी, चिकट आणि घट्ट. दोघी एकमेकींना धरून किती वर्षं होत्या, ते मला मोजता येत नाही.

मग एक कुटुंब आलं आणि माझ्यावर चुन्याच्या रेघा पडल्या. मुलगा वायरमन, सून दवाखान्यात नर्स, आणि मुलाची आई. घरचे तिला आई म्हणत, बाहेरचे आजी. मीही आजीच म्हणतो, वयानं मी कितीही थोरला असलो तरी. भाड्याच्या घरामागे तिनं उभा जन्म भाजी लावलेली. “नव्या घरी तुला बाग करून देतो,” असं मुलानं कबूल केलं, तेव्हा कुठे ती तिथून हलली. येताना पत्र्याच्या पिंपात लावलेलं लिंबाचं झाड तेवढं घेऊन आली. घर होईपर्यंत तिघं मागच्या पत्र्याच्या खोलीत राहिली.

पाया खणायच्या दिवशी सून कामावर जाताना यंत्रवाल्याला बजावून गेली, “दादा, वरची काळी माती वेगळी ठेवा हं. बागेला लागेल.”

त्यानं ठेवलीही. कोपऱ्यात, अगदी नीट. मग पिवळी निघाली आणि तिला जागाच उरली नाही. एकीकडे विटा, दुसरीकडे वाळू. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि ओतली काळीच्याच डोक्यावर. वेगळी ठेवा म्हणाले होते, ठेवली होती की!

संध्याकाळी सून आली तर समोर नुसता पिवळा डोंगर.

“अहो, काळी कुठंय?”

“हीच असेल. वाळली की रंग बदलत असेल,” मुलगा म्हणाला. तारांमधला माणूस तो. त्याच्यावर माझा राग नाही.

पुढे वर्षभर मी सगळ्यांच्या उपयोगी पडलो. गवंड्यांनी थाप्या आणि घमेली माझ्यावर धुतली. रंगवाल्यानं डबे माझ्यावर झटकले. फोनला रेंज नीट मिळते म्हणून एक सुतार रोज माझ्या माथ्यावर चढून बायकोशी भांडायचा. खाली उतरला की शहाण्यासारखा कामाला लागायचा.

घर उभं राहिलं. मुलानं माझ्यावर पालक पेरला. चार पानं आली, फिकी पडली आणि माना टाकून बसली. घराभोवतीच्या जमिनीत तर सिमेंट आणि खडीच जास्त. इकडे पिंपातलं लिंबू पिवळं पडत चाललेलं. मुळं तळाच्या भोकांतून बाहेर आली होती. आता ते जमिनीत लागलं नाही तर मरणार, हे आजीला कळत होतं. ती पिंपाजवळ बसून गळलेली पानं वेचायची.

शेवटी मुलगा म्हणाला, “आई, या मातीत काही दम नाही. उचलून टाकतो. तुला छान कुंड्या आणू.”

“आण,” आजी म्हणाली. एवढंच.

ट्रक आला. गावाबाहेरच्या खड्ड्यात मला ओतणार होते. फावडी चालू झाली, दहाबारा पाट्या गाडीत पडल्या. आजी पायरीवर बसून बघत होती. एकदम उठली.

“अरे, थांबा जरा.”

“काय झालं आजी? काही पडलं का तुमचं?” ट्रकवाला म्हणाला.

“हे गवत बघ.”

“गवतच आहे. सगळीकडे येतं ते.”

“सगळीकडे कुठे आलंय? वर एक काडी नाही. पायथ्यालाच एवढं कसं हिरवंगार?”

भिंतींवर मारलेलं पाणी वर्षभर माझ्या पायथ्याशी मुरलेलं. आजीनं तिथे हातातली काठी खुपसली आणि ओढून काढली. टोक काळं. तिनं चिमूटभर माती नाकाशी धरली.

“कुबट येतेय. पण काळीच आहे. खाली दबलीय बिचारी!”

“आजी, मला दुसरी खेप आहे हो.”

“मग जा की. ही रिकामी करून जा.”

“आधी भरा म्हणायचं, मग ओता म्हणायचं!”

“चुकलं रे बाबा. चहा टाकते, पिऊन मग ओत.”

पाणी साचायचं त्या कोपऱ्यात त्यानं पाट्या ओतल्या. मग सुट्टीच्या दिवसांत मुलानं माझ्या अंगावरची सिमेंटची खपली काढली, ती पायवाटेखाली गेली. काळी पसरून उन्हात उलटीपालटी केली, तिच्यात पाला आणि भाजीची सालं मिसळली. आजी शेजारी उभी. “खालची खाली, वरची वर. होती तशी लाव तिला.” पिंप कापून लिंबू माझ्यात उतरवलं, तेव्हा मुळांवर पहिली मूठभर माती तिनं लोटली.

झाडानं सगळी पानं टाकली. दीड महिना नुसती काडी. मुलगा त्या बाजूला बघेनासा झाला. मी मात्र त्याची मुळं चाचपडताना ऐकत होतो, पण सांगू कसं?

एका सकाळी सून कामावर निघाली आणि वाकली. “आई! या हो इकडे! पान आलंय!”

आजी आली, नखाएवढा कोंब बघितला, आणि म्हणाली, “ओरडू नकोस गं. दमलंय ते.”

मला उपकार मानायचे आहेत. आजीचे तर आहेतच. आणि त्या यंत्रवाल्याचेही. काळी उघडी राहिली असती तर सगळं सिमेंट, सगळा रंग तिच्याच पोटात गेला असता. पिवळीनं ते अंगावर घेतलं आणि वर “दम नाही” हे बोलणंही ऐकून घेतलं.

तुम्ही घर बांधाल, तेव्हा माझ्यासारखा एखादा ढीग दारात असेल. त्याला गाडीत घालण्याआधी जरा खाली वाकून बघा. एवढंच मागणं.

लिंबू अजून एकही धरलेलं नाही. आजी म्हणते, घाई कुणाला आहे. बरं, थांबतो आता. ती अनवाणी इकडेच येतेय, आणि तिच्या पावलाखाली मला मऊ राहायचंय.